दादांची जीप आणि लाल शाई

वाहन कचेरीचं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर नाव दादांचं होतं, पण फोडलं जावईबापूंनी, कारण सरकारी पाकीट दिसलं की त्यांची बोटं आपोआप त्याच्या कडेवरून चालू लागत. पत्रात लिहिलं होतं की आपल्या नावे असलेलं जुनं वाहन चालू महिन्याच्या तीस तारखेपर्यंत तपासणीच्या मैदानावर 'स्वतःच्या इंजिनाच्या शक्तीने' हजर करावं. न केल्यास नोंद रद्द होऊन वाहन भंगारात जमा करण्यात येईल. जावईबापूंनी पत्र दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा भाषेसाठी. भाषा निर्दोष होती. मजकूर मात्र घरात वाचून दाखवण्यासारखा नव्हता.

ते वाहन म्हणजे अंगणातली जीप. दादा, म्हणजे त्यांचे सासरे, पाणीखात्यात ड्रायव्हर होते. जिथं रस्ता संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. मोजणीवाल्यांना घेऊन डोंगरउतार, नदीपात्रं, काटेरी माळ त्यांनी याच जीपमधून तुडवले. खात्यानं जीप मोडीत काढली तेव्हा दादांनी ती विकत घेतली आणि चार लेकी तिच्यात कोंबून सुट्ट्या काढल्या. आता चार वर्षं ती बंद होती, आणि दादाही गेल्या वर्षीपासून निम्मे बंदच होते. झटका आला, उजवा हात पडला, शब्द गेले. 'बरं' एवढा एकच शब्द मागे राहिला. बाकीच्यांना त्याचं फार वाईट वाटलं. जावईबापूंना वाटलं, पण जरा कमी, कारण त्यांच्या वाट्याला झटक्याआधीही तेवढाच शब्द आला होता. लग्न ठरलं तेव्हा बरं, बढती मिळाली तेव्हा बरं, आणि दादांच्या सेवेसाठी बायकोसह या घरात राहायला आले तेव्हाही बरं.

गल्लीनं मात्र त्याच दिवशी त्यांचं 'जावईबापू' असं बारसं करून टाकलं. कचेरीत त्यांच्या हाताखाली नऊ माणसं होती. त्यांच्या लाल पेनाची तर अशी ख्याती की कागद त्यांच्या टेबलाशी येईपर्यंत टंकलेखक घाम पुसत. नोंदवहीतला चुकलेला अनुक्रमांक ते उभ्या उभ्या हेरत, त्याच्यावर एक सरळ रेघ ओढत, वर बरोबर आकडा लिहीत आणि बाजूला आखूड सही करत. अशा माणसाला दूधवाल्यानं जावईबापू म्हणावं, आणि त्यानं ओ द्यावी, हे सोसायला मन मोठं लागतं.

पण पत्राचं काय? रोज दुपारचा चहा झाला की दादा भिंतीला धरून अंगणात जात, जीपमध्ये चढत आणि अर्धा तास पुढच्या डाव्या बैठकीवर, समोरच्या दांडीवर डावा हात ठेवून बसत. तेवढा अर्धा तास त्यांचा उजवा हात पडलेला वाटत नसे. गिअरवर विसावलेला वाटे. ती जीप कुणी दोरी बांधून ओढत नेली, तर रिकाम्या जागेकडे बघत दादा काय करतील हा प्रश्न बाळीनं, म्हणजे जावईबापूंच्या बायकोनं, तोंडानं विचारला नाही. पत्र वाचून तिनं ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

जावईबापू आधी चौकातल्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री एका ट्रकखाली आडवे होते आणि त्यांचे फक्त पाय बोलत होते. पायांनी सांगितलं की दोन ट्रक उघडे पडलेत, एक तारखेनंतर येतो. मग जावईबापू मुदतवाढ मागायला वाहन कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या माणसानं अर्ज वाचला, एक शब्द अधोरेखित केला (आणि तो खरंच चुकला होता, हे जावईबापूंना फार लागलं) आणि नियम सांगितला, की मुदतवाढीचा अर्ज वाहनासह सादर करावा लागतो. वाहन इथवर येत नाही म्हणूनच तर अर्ज, असं जावईबापू म्हणाले. येत नसेल तर मुदतवाढ कशाला, असं तो म्हणाला. जावईबापूंना राग यायला हवा होता. पण उत्तर इतकं बिनतोड होतं की त्यांनी ते मनातल्या मनात स्वतःच्या कचेरीसाठी टिपून घेतलं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "इंजिन मीच दुरुस्त करतो."

"तुम्ही?" बाळी म्हणाली. "अहो, परवा तुम्हाला कुकरची शिट्टी बसवता आली नाही."

"शिट्टीला पुस्तक नव्हतं. जीपला आहे."

पुस्तक होतं हे खरं. दादांच्या ट्रंकेत खात्याचं जाड, तेलकट पुस्तक निघालं. जावईबापूंनी त्याला नवं पुठ्ठ्याचं वेष्टन घातलं आणि एक फाइल उघडली. इंजिन म्हणजे तरी काय, ते पोस्टमास्तरांना समजावत होते. एकावर एक रचलेली कागदपत्रं. उघडताना क्रम सोडला नाही तर लावताना चुकायचं कारण नाही. शेजारचे हे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणावर कोपर टेकून उभे असत आणि आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवून झाल्यामुळे आता स्वतःचे सल्ले पोचवत. त्यांचं म्हणणं, गाडीला मुळात काही झालेलंच नाही, ती रुसली आहे. समोरच्या शिवणवाल्या काकूंचं म्हणणं, आधी सगळीकडे तेल सोडा. मशीन शिवणाचं असो की डोंगरावरचं, निम्मी दुखणी तेलानंच जातात.

तीन दिवसांत जीपचं इंजिन उघडं झालं आणि घर भरलं. प्रत्येक भागाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, क्रमांकाची फाइलमध्ये नोंद. कार्बोरेटर जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पांघरून निजला. नट डाळींच्या डब्यांशेजारी गेले, प्लग चमच्यांच्या खणात. आंघोळीच्या बादलीत रॉकेल आलं आणि रॉकेलच्या डब्यात आंघोळीचं पाणी गेलं. हे कसं झालं याची नोंद मात्र फाइलमध्ये नाही. बाळीनं एकदा वरणाला फोडणी द्यायला डबा उघडला तर आत वॉशर. तिनं त्यातला एक वॉशर उचलला, चिठ्ठी वाचली आणि नवऱ्याच्या ताटात लोणच्याच्या जागी ठेवला.

मधल्या काळात तेलाच्या सल्ल्याची फेड म्हणून जावईबापूंनी काकूंचं शिवणमशीन साफ करून तेल घालून दिलं. त्यानंतर जीप जोडताना एक दांडी उरली. ती कुठल्याच क्रमांकात बसेना, कुठल्याच पानावर सापडेना. दीड दिवस त्यांनी त्या दांडीच्या पायी इंजिन दोनदा सोडलं आणि दोनदा बांधलं. शेवटी काकू कुंपणापाशी येऊन शांतपणे म्हणाल्या, की त्यांचं मशीन दीड दिवस टाका घेत नाहीये, जावईबापूंना काही कल्पना आहे का. दांडी परत गेली. तेव्हापासून काकूंनी तेलाच्या सल्ल्यांचं नाव काढलं नाही.

नाही म्हणायला एक काम मात्र देखणं झालं होतं. दादांना जीपच्या पत्र्याच्या बैठकीवर पाठ टेकता येत नसे. म्हणून जावईबापूंनी पुढची डावी बैठक काढून तिथं घरातली हातांची लाकडी खुर्ची पाय कापून बोल्टनं बसवली आणि खाली चढायला एक पायरी जोडली. बाळीनं खुर्चीवर जुन्या साडीची गादी शिवली. दादांनी तिच्यावर बसून पाहिलं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले. पण हे सगळं तसं वरवरचं झालं. आतलं यंत्र बोलत नव्हतं तोवर ती नुसती अंगणातली खुर्ची.

आणि मग पुस्तकाचं ते पान आलं. प्लगच्या चार वायरी कुठल्या क्रमानं लावायच्या, हे तिथं लिहिलेलं होतं: १, ३, ४, २.

जावईबापूंनी पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीस वर्षांच्या नोकरीत असे आकडे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, आणि कुणाच्या हातून ते कसे चुकतात हेही त्यांना ठाऊक होतं. टंकलेखकाचं लक्ष खिडकीबाहेर जातं, दुसरा राहून जातो, आणि ओळीच्या शेवटी आठवला की तिथंच चिकटवून देतात. एवढ्या मोठ्या पुस्तकात असं व्हावं, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी लाल पेन काढलं, आकड्यांवर एक सरळ रेघ ओढली, वर स्वच्छ अक्षरात १, २, ३, ४ लिहिलं आणि बाजूला आखूड सही केली. मग त्याप्रमाणे वायरी लावल्या.

बॅटरीत किल्लीनं सुरू होण्याइतका जीव नव्हता, म्हणून बावीस तारखेला सकाळी गाडीला हँडल मारायचं ठरलं. पोस्टमास्तर कुंपणावर होते. काकू गॅलरीत होत्या. दादा खिडकीत खुर्ची घेऊन बसले होते. जावईबापूंनी हँडल फिरवलं. जीप एकदा खोकली, एकदा शिंकली, आणि मग मागून असा बार निघाला की काकूंच्या दोरीवरचे तीन पांढरे शर्ट करडे झाले आणि पोस्टमास्तर कुंपणाच्या पलीकडे दिसेनासे झाले.

धुरातून खिडकीकडून आवाज आला. जड, अडखळता, पण शब्द स्पष्ट.

"माई. चिंगी. पिंटी. बाळी."

वर्षभरात दादा 'बरं'पलीकडे काही बोलले नव्हते. माई ही त्यांची थोरली, चिंगी तिसरी, पिंटी धाकटी. बाळी दुसरी. बाळी हातातला पदर तोंडाशी धरून धावत खिडकीशी गेली. "हो दादा, मी आहे ना इथं," ती म्हणाली. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मान जोरात हलवली आणि पुन्हा तीच चार नावं घेतली.

"लेकींची आठवण काढताहेत," पोस्टमास्तर कुंपणापलीकडून कपडे झटकत उठले. "मला विचाराल तर तारा करा सगळ्यांना."

तारा नाही, पण फोन गेले. दोन दिवसांत तिघी बहिणी आल्या. माईबरोबर तिचे यजमानही आले, म्हणजे थोरले साडू. त्यांच्याकडे स्वतःची नवी मोटार होती आणि तिच्यामुळे सगळ्याच इंजिनांविषयी मत होतं. घरात अंथरुणं कमी पडली. कार्बोरेटरनं टेबलावर मागे सोडलेलं वर्तमानपत्र माईनं झटकून घडी घालून ठेवलं. चारही लेकी दादांच्या पुढ्यात ओळीनं बसल्या. कुणी पाय चेपले, कुणी केस विंचरले. दादांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, "बरं."

सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण बाहेर जावईबापूंनी पुन्हा हँडल मारलं, पुन्हा बार निघाला, आणि दादा खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटत ओरडले, "माई, चिंगी, पिंटी, बाळी."

"आम्ही इथंच आहोत की हो दादा," पिंटी रडकुंडीला आली. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे तर आठवणीपेक्षा वाईट होतं. समोर बसलेल्या लेकी बापाला दिसत नव्हत्या, किंवा दिसून ओळखू येत नव्हत्या. पुढचे चार दिवस तेच. बाहेर बार झाला की आत चार नावं. बाहेर थोरले साडू म्हणायचे, पेट्रोल पातळ असावं. आत माई म्हणायची, डॉक्टर बदलून पाहू.

अठ्ठावीस तारखेला दुपारी जावईबापू जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते काळे झाले होते आणि गल्लीत आता त्यांना जावईबापूही कुणी म्हणत नव्हतं. नुसते हसत होते. बाळी चहा घेऊन आली. कप मडगार्डवर ठेवला आणि तिथंच टेकली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हसू नका. दादा ओळखत नाहीत याचं तिघींना वाईट वाटतंय. मला वेगळंच लागलंय."

"काय?"

"मी दुसरी. माईच्या पाठची. पण लहानपणापासून दादांची हाक अशीच. जेवायला बसा, तर माई, चिंगी, पिंटी, बाळी. जीपमध्ये चढा, तर माई, चिंगी, पिंटी, बाळी. धाकटीच्याही मागं मी. पत्रात आशीर्वाद लिहायचे तरी तसंच. आईला विचारलं तर म्हणायची, त्यांचं तसंच असतं. मला वाटायचं, मुलगा हवा असताना आलेली दुसरी लेक मी, म्हणून असेल." तिनं मडगार्डवरची धूळ बोटानं पुसली. "आता सगळे शब्द गेले, चारच राहिले, त्यातही मी शेवटी."

नऊ माणसांना ओळीत ठेवणाऱ्या जावईबापूंना एका बाईला धीर द्यायला एक वाक्य सापडेना. तेव्हा त्यांनी हाताशी होतं ते केलं. एकेका वायरीला हात लावत, नेहमीप्रमाणे पुटपुटत, पुन्हा तपासणी सुरू केली: "एक… दोन… तीन… चार…"

खिडकीतून मूठ आपटल्याचा आवाज आला. "माई. चिंगी. पिंटी. बाळी."

बाळी बोटं मोडत होती ती थांबली. मग तिनं तीच बोटं एकेक करून उघडली. माईचं एक. चिंगीचं तीन. पिंटीचं चार. आणि तिचं स्वतःचं, शेवटी, दोन.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या त्या पुस्तकात एक, तीन, चार, दोन असं काही लिहिलंय का?"

जावईबापूंचा चेहरा काजळीखालूनही पांढरा पडलेला दिसला.

"होतं," ते म्हणाले. "मी दुरुस्त केलं."

ती हसलीसुद्धा नाही. हे नवल गल्लीत अजून सांगतात. तिनं फक्त हात पुढे केला आणि दुसरी वायर उपटली. मग दोघं मिळून एकेक वायर लावत गेले. ती नाव घेई, ते वायर बसवत. माई. चिंगी. पिंटी. शेवटची वायर तिनं स्वतः दाबून बसवली. जावईबापूंनी हँडल एकदाच फिरवलं.

जीपनं एक उसासा टाकला आणि ती चालू झाली. बार नाही, धूर नाही. पावसाळी ओढ्याला गोट्यांवरून वाट सापडावी तसा एकसारखा, भरलेला आवाज. चार वर्षं पत्र्यात बसलेली धूळ थरथरत खाली पडू लागली. आतून तिघी धावत आल्या. काकू गॅलरीतून दोरीवरचे कपडे भराभर काढत होत्या. थोरले साडू म्हणाले, पेट्रोल बसलं खाली. आणि खिडकीत दादा डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "बरं." जावईबापूंनी तो शब्द पहिल्यांदाच पदवीसारखा घेतला.

तीस तारखेला सगळे तपासणीला निघाले. थोरलेपणाच्या हक्कानं माई चालवायला बसली. चौघींनाही दादांनी गाडी शिकवली होती, आणि जावईबापूंना स्कूटरपलीकडे येत नव्हतं, हे त्या दिवशी सगळ्यांना नव्यानं आठवलं. दादा हातांच्या खुर्चीत, मागे तिघी बहिणी, आणि तिघींच्या मध्ये फाइल आणि पुस्तक मांडीवर घेऊन जावईबापू. साडू आपल्या नव्या मोटारीतून मागोमाग. पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला निघाला आणि नवी मोटार तिथंच थांबली. दादांनी डावा हात माळाकडे केला. जीप माळावर उतरली. दगडागोट्यांतून, झुडपांतून, कोरड्या ओढ्यातून ती डुलत निघाली. आतली माणसं एकमेकांवर आपटत होती, फाइलमधल्या चिठ्ठ्या उडत होत्या, चिंगी कळवळत होती, पिंटी हसत होती, आणि दादांचा उजवा हात गिअरवर होता. माईनं नंतर शपथेवर सांगितलं की उतारावरचा दुसरा गिअर तिनं टाकला नव्हता.

मैदानावर ते सव्वाचारला पोचले. तिथं चौकातले मिस्त्रीही कुणाचा तरी ट्रक घेऊन आले होते. निरीक्षकानं इंजिन ऐकलं, नंबर ताडून पाहिला आणि खुर्चीपाशी येऊन थबकला. 'वाहनात केलेले बदल' या रकान्यात याची नोंद लागेल, तो म्हणाला. जावईबापूंनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: 'खुर्ची एक, पायरी एक. उर्वरित वाहन मूळ क्रमाने.' निरीक्षकानं वाक्य दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, आणि एकदा भाषेसाठी असावं, कारण शिक्का मारताना तो म्हणाला, "कुठल्या कचेरीत आपण?"

तेवढ्या वेळात बाळी मिस्त्रींना गाठून विचारत होती, की हा दोन नंबर असा शेवटी का टाकतात.

मिस्त्रींनी हात पुसले. "शेवटी कुठला, ताई? फिरतंय ना ते. दोनवर आलं की लगेच एक. तुम्ही कुठूनही मोजा, कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. एक बंद पडला की मात्र उरलेल्या तिघांचे हाल."

बाळी जीपकडे गेली. दादांच्या खुर्चीशी वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं त्यांना काहीतरी विचारलं. काय ते जावईबापूंना ऐकू आलं नाही, पण कळलं. दादांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. पण एवढ्या मोठ्या उत्तराला पुरतील इतके शब्द त्यांच्यापाशी उरले नव्हते.

परत निघायची वेळ झाली. तिघी बहिणी मैदानाच्या कडेला नळावर तोंड धूत होत्या, बाळी दूर एका दगडावर बसली होती. दादांनी डाव्या हातानं किल्ली काढून घेतली आणि हाक मारली.

"बाळी."

ती उठली. दादांनी किल्ली तिच्यापुढे धरली, आणि ती हातात घेऊन बाळी ड्रायव्हरच्या जागेवर बसली तेव्हा त्यांनी उरलेली हाक पुरी केली.

"माई. चिंगी. पिंटी."

जावईबापूंनी सवयीनं बोटांवर मोजून पाहिलं. दोन, एक, तीन, चार. त्यांनी पुन्हा मोजलं, गोल फिरवून मोजलं. कुठेही चूक नव्हती. मग त्यांनी फाइल उघडली, पुस्तकातलं ते पान काढलं, आणि आपल्या लाल आकड्यांवर एक सरळ रेघ ओढून बाजूला लिहिलं, 'दुरुस्ती रद्द. मूळ नोंद कायम.' खाली, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी पूर्ण सही केली.

बाळीनं किल्ली फिरवली.